एक घंटी, दोन घंट्या

अडतीस वर्षं मी बसमध्ये लोकांना "पुढे सरका, पुढे जागा आहे" असं सांगत आलो. लोक सरकत नसत. पुढे खरोखर जागा असे, ती त्यांना दिसत असे, माझा आवाजही ऐकू येत असे, आणि तरी ते दांडा धरून ढिम्म उभे राहत. असं का, ते मला नोकरी संपेपर्यंत कळलं नाही. आता माझे पाय तेच करतात.

डॉक्टरांनी याचं नाव कंपवात असं सांगितलं. मेंदू निरोप पाठवतो, पण तो पायांपर्यंत वेळेवर पोचत नाही, म्हणाले. मी विचारलं, "अडतो कुठे?" ते म्हणाले, "वाटेत." गाडी कुठे आहे असं विचारणाऱ्यांना डेपोच्या चौकशी खिडकीवर आम्हीही हेच उत्तर देत असू, त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही.

हात थरथरतो, त्याचं एक वेळ चालतं. चहा बशीत सांडतो, आणि बशीतून प्यायला मला आधीपासूनच आवडतं. वैताग आहे तो दारांचा. खोलीतून स्वयंपाकघरात निघालो की नेमके चौकटीत पाय जमिनीला चिकटतात. वरचं अंग पुढे निघालेलं, खालचं मागे राहिलेलं. मी तिथे भिंतीवरच्या फोटोसारखा उभा राहतो. आतून बायको म्हणते, "अहो, एक तर आत या, नाही तर बाहेर जा." यातलं एकही जमत नसतं, म्हणून तर उभा असतो.

तरीही माझं बरं चाललं होतं. रोज दुपारी चारला मी डेपोच्या कँटीनमध्ये जात असे. घरापासून चारशे बारा पावलं. तिथे पायलट पत्ते पिसत बसलेला असतो. पायलट म्हणजे माझा ड्रायव्हर. बावीस वर्षं आम्ही एकाच गाडीवर होतो. तो पुढे, मी मागे; कंडक्टर म्हणून तो मला अजून मास्तर म्हणतो. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे आणि त्याला काहीही झालेलं नाही, ही त्याच्यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. त्याच्याशी पत्ते खेळताना मी आजारी नसतो, फक्त हरत असतो.

पाच महिन्यांपूर्वी कँटीनच्या अलीकडेच, पदपथावरून उतरताना मी पडलो. हनुवटीला तीन टाके पडले. तेव्हापासून माझं एकट्यानं बाहेर जाणं लेकीनं बंद केलं. लेक दोन गल्ल्या सोडून राहते आणि एका कार्यालयात लोकांच्या रजांचे अर्ज बघते, त्यामुळे नामंजूर करायचा तिला सराव आहे.

"मग मी पत्ते खेळायचे कुठे?"

"काकांना घरी बोलवा ना, बाबा."

पायलट घरी आला की बायको त्याच्यासमोर माझ्या गोळ्यांच्या वेळा सांगत बसते. दोनदा बोलावला, तिसऱ्यांदा मीच बोलावला नाही.

शेवटी करार झाला. आठवड्यातून दोनदा व्यायामाला जायचं, घरी रोज करायचं, आणि तीन महिन्यांनी परीक्षा. खुर्चीतून उठायचं, तीन मीटरवरच्या पिवळ्या पट्टीपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. चौदा सेकंदांच्या आत जमलं तर मी काठी घेऊन एकटा कँटीनला जाणार. नाही जमलं तर चाकांची खुर्ची आणि ती ढकलायला दुपारचा मदतनीस. खुर्चीचा रंग लेकीनं पसंत करून ठेवला होता. निळा.

व्यायामाच्या बाई सव्वीस वर्षांच्या आहेत. त्या मला आजोबा म्हणतात आणि कशालाही छान म्हणतात. हात न लावता खुर्चीतून दहा वेळा उठा, छान. ओट्याला धरून एका पायावर उभे राहा, छान. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत सरळ रेषेत चाला, छान. जागच्या जागी गिरकी घेऊन वळायचं नाही; मोठी बस चौकात वळते तसं लांबून, पावलं टाकत वळायचं. हे एक मला पटलं. बाकीच्या वेळी मी घामाघूम होऊन तोल सावरत असे आणि त्या म्हणत, "अजून मोठं पाऊल, आजोबा. समोर नाला आहे असं समजा."

"नाला असता तर मी त्या बाजूला गेलोच नसतो."

"छान," बाई म्हणाल्या.

घरी फ्रिजवर लेकीनं तक्ता लावला. जितके व्यायाम, तितके चौकोन, आणि केले की हसऱ्या तोंडाची चिकटी. सत्तरीनंतर माणसाला हसऱ्या तोंडाच्या चिकट्या मिळू लागल्या की त्यानं समजून घ्यावं. एका सोमवारी मी काहीच केलं नाही आणि तीन चिकट्या लावल्या. संध्याकाळी लेकीनं विचारलं, "बाबा, खरंच केलंत?" मी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "मला विचारू नका, मी डाळ निवडत होते." मी गुन्हा कबूल केला. तीन चिकट्या परत काढण्यात आल्या, आणि त्या नीट निघेनात म्हणून फ्रिजवर हसऱ्या तोंडाचा अर्धा भाग अजून आहे.

सुरुवातीला मला सव्वीस सेकंद लागत. महिन्यानं बावीस. दोन महिन्यांनी एकोणीस. मग तीन आठवडे एकोणीसच. खुर्चीतून उठेपर्यंत ठीक, वळेपर्यंत ठीक, पण पहिलं पाऊल उचलायलाच चार-पाच सेकंद जात. मी पायांकडे बघत उभा, पाय माझ्याकडे बघत उभे.

"घाई करू नका," बाई म्हणत, हातात घड्याळ धरून.

मग एके सकाळी मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या चौकटीत अडकलो होतो. कोणीतरी दाराची घंटी दाबली. टिंग, टिंग. आणि माझा उजवा पाय उचलला गेला. मी उचलला नाही, तो गेला. त्याच्या मागून डावा. मी ओट्यापाशी जाऊन पोचलो आणि बायकोला म्हणालो, "डबल."

"काय डबल?"

"घंटी. डबल वाजली."

आता हे सांगायला हवं. आमच्या बसमध्ये कंडक्टरच्या डोक्यावर एक दोरी असे आणि ती ओढली की ड्रायव्हरजवळ घंटी वाजे. एक घंटी म्हणजे थांबा. दोन म्हणजे निघा. अडतीस वर्षं मी उभ्यानं काम केलं. दोन घंट्या झाल्या की गाडी हिसका देणार, म्हणून पाय आपोआप एक पाऊल पुढे टाकायचे. एक झाली की ब्रेक लागणार, म्हणून पाय रोवून घ्यायचे. तसं केलं नाही तर माणूस प्रवाशाच्या मांडीवर जाऊन बसतो, आणि प्रवाशाला ते आवडत नाही. हे मी डोक्यानं कधीच केलं नव्हतं. मेंदूचे निरोप वाटेत अडत असतील, पण घंटीला ती वाट लागत नसावी.

दोरी तुटली की आम्ही तिकिटाच्या पंचानं पत्र्यावर दोनदा ठोकत असू. मी काठीनं चौकटीवर दोनदा ठोकून पाहिलं. टक, टक. निघालो. पाच दारं, पाचही पार. बायको मागून बघत होती. म्हणाली, "आता भिंतींचा रंग जाणार." पण दुसऱ्या दिवसापासून मी अडकलो की ती न बघता ओट्यावर उलथणं दोनदा आपटू लागली.

याचा एक त्रास होता. एकदा तिनं झुरळ मारायला एकदाच आपटलं आणि मी खोलीच्या मध्यावर खिळलो.

"आता काय झालं?"

"तू एक दिलीस."

"झुरळाला दिली."

"मला काय कळणार कुणाला दिली?"

"म्हणजे मी आता स्वयंपाक करायचा की तुमची गाडी सोडायची?" असं म्हणून तिनं दोन दिल्या. रागात दिल्या, पण नियमानं दिल्या.

दोन आठवड्यांत घरी मी तेरा सेकंदांवर आलो. व्यायाम मी पूर्वीचेच करत होतो, आता खोटी चिकटी न लावता. मांड्यांत जोर आला होता, वळताना तोल जात नव्हता, फक्त निघायचा प्रश्न होता आणि तो सुटला होता. लेकीला काही सांगितलं नाही. तिला थेट निकालच दाखवायचा होता.

परीक्षेच्या दिवशी लेक अर्धी रजा घेऊन आली. ती तिनं स्वतःला कशी मंजूर केली ते विचारलं नाही. बायको बाकावर पिशवी घेऊन बसली. काठी बाजूला ठेवायची असा नियम होता. बाईंचं जुनं घड्याळ बिघडलं होतं, म्हणून त्यांनी मोबाइल घेतला. मी खुर्चीत सावरून बसलो. बाई म्हणाल्या, "तयार?" आणि मोबाइलवर बोट टेकवलं.

टिंग.

एक.

मी अर्धा उठलेला होतो. पाय रोवले गेले. मी दुसऱ्या घंटीची वाट बघत राहिलो.

"आजोबा, सुरू झालंय."

"दुसरी द्या."

"दुसरी काय?"

एकतीस सेकंद. बाई म्हणाल्या, हरकत नाही, पुन्हा करू. पुन्हा टिंग, पुन्हा एकच. एकोणतीस.

"एकीला थांबायचं असतं," मी म्हणालो. "दोन दिल्यात तर निघेन."

बाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं आईकडे पाहिलं. मी या तिघींचं पाहणं पाहिलं आणि मला कळलं की गाडी भलत्याच रस्त्याला लागली आहे. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला उलटं वाचता येतं. तिकिटं आणि पास आयुष्यभर उलटेच दिसले. लिहिलं होतं: सूचना समजण्यात गोंधळ.

म्हणजे पायांच्या परीक्षेत डोकं नापास.

त्याच आठवड्यात माझी स्मरणाची चाचणी झाली. आजची तारीख विचारली, मी वार आणि आठवडाही सांगितला. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले: छत्री, खुर्ची, दिवा. पाच मिनिटांनी विचारले. मी म्हणालो, "खुर्ची, दिवा आणि छत्री. छत्री नेहमीच राहते, म्हणून ती शेवटी घेतली." मग चारला दहा कमी असताना घड्याळ कसं दिसेल ते काढायला सांगितलं. हात थरथरत असताना गोल काढून बघावा. माझं घड्याळ बटाट्यासारखं आलं, पण काटे बरोबर होते. शेरा आला: रेखाटन अस्पष्ट. लेक मला घरी हळू आणि स्पष्ट आवाजात बोलू लागली. "बाबा. आज. जेवण. केलंत?" मी उत्तर दिलं, "हो. मी. केलं." ती त्यानं जास्तच काळजीत पडली.

शनिवारी निळी खुर्ची आली. अजून नापास नव्हतो, फेरपरीक्षा बाकी होती, पण बाहेरगावच्या दुकानात सवलत होती, असं लेक म्हणाली. खुर्ची दिवाणखान्यात उभी राहिली आणि मी तिच्याभोवती लांबून वळून जाऊ लागलो. बायको तिच्यावर धुतलेले कपडे ठेवू लागली. मला वाटतं, तिची ती बाजू घेण्याची पद्धत होती.

त्याच संध्याकाळी तिनं मला न विचारता पायलटला फोन केला.

मंगळवारी फेरपरीक्षा. पायलट इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, साक्षीला आल्यासारखा. त्यानं बाईंना नमस्कार केला आणि सरळ विषयाला हात घातला.

"बाई, मास्तरचं डोकं ठिकाणावर आहे. नव्हतं तेव्हाही इतपतच होतं. पण एका घंटीवर तो हलणार नाही. मीसुद्धा हललो नसतो. एका घंटीवर गाडी काढणाऱ्याला आमच्याकडे घरी बसवत."

"पण का?" लेकीनं विचारलं.

"कारण कुणाचा तरी एक पाय पायरीवर आणि एक रस्त्यावर असतो, पोरी."

 ती आईकडे वळून म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"मी रोज उलथणं आपटते," बायको म्हणाली. "तक्त्यात त्याला चौकोन नव्हता."

बाई मात्र सरळ होत्या. म्हणाल्या, "आवाजाच्या तालावर पाय सुटतात, हे आम्हाला शिकवलं होतं. माझ्याच लक्षात यायला हवं होतं." पण मोबाइलचं टिंग काही त्यांना डबल करता येईना. आणि चाचणी सगळ्यांना सारखीच घ्यायची असते, एकासाठी बदलता येत नाही, असंही म्हणाल्या. हे मला नवं नव्हतं. अर्ध्या तिकिटासाठी मी पोरांना दांड्यावरच्या रेघेशी उभं करून उंची मोजलेली आहे. टाचा उचललेल्या चालल्या नाहीत, आणि आई रडली तरी सूट दिली नाही.

तोड बायकोनं काढली. "एक तुमची वाजू दे. लगेच दुसरी मी देते. मी काही चाचणीत नाही, मी नुसती बसलेय."

बाईंनी नियम आठवून पाहिले. बाकावर बसलेल्या बायकांबद्दल त्यात काही नव्हतं.

टिंग. आणि त्याला चिकटून पाण्याच्या बाटलीवर किल्ली: टण.

मी निघालो. पट्टीपर्यंत गेलो, मोठ्या बससारखा वळलो, परत आलो आणि बसलो. साडेतेरा.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. टाळ्या किती वाजल्या असत्या कोण जाणे. बाईंनी कागद भरला, सही केली आणि लेकीच्या हातात दिला. लेकीनं तो मोठ्यानं वाचला: "काठी घेऊन एकट्याने बाहेर जाण्यास हरकत नाही. मात्र सोबत घंटी वाजवणारी व्यक्ती असावी."

मी म्हणालो, "पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. तेच होतं.

"एकट्यानं जायचं, आणि सोबत माणूस?"

"तुम्ही आता बाटलीवर चाललात, आजोबा. तुमचं तुम्ही ठोकून चालताना मी पाहिलेलं नाही. जे पाहिलं नाही त्यावर सही कशी करू?"

हेही बरोबर होतं. बरोबर गोष्टींनी माणूस किती हैराण होतो, याची मला त्या खोलीत पुरती कल्पना आली. मी म्हणालो, "मग आता बघा." बाई म्हणाल्या, पुढची वेळ दुसऱ्या माणसाची आहे. दारात एक आजी उभ्या होत्या. त्याही चौकटीत अडकल्या होत्या. मी जाता जाता चौकटीवर दोनदा ठोकून पाहिलं. त्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी शिवणयंत्रावर होते हो."

पायलटनं पायरीवर कागद मागून घेतला. "सोबत म्हणजे किती सोबत, ते लिहिलंय का?"

तो परत आत गेला आणि बाईंकडून एक ओळ वाढवून आला: 'ऐकू येईल इतक्या अंतरावर.' बाईंनी ती कंटाळून लिहिली असावी, पण सही होती. लेक म्हणाली, "काका, ही पळवाट आहे." तो म्हणाला, "पळता आलं असतं तर वाट कशाला शोधली असती?" तिनं कागद दोनदा वाचला, घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "पोचलात की फोन." ती मंजुरी होती.

बुधवारी दुपारी चारला मी निघालो. बायको खिडकीत उभी होती. जिन्याच्या दारात मी थांबलो तसं वरून पातेल्यावर उलथणं वाजलं. दोन. अख्ख्या गल्लीनं वर पाहिलं. मी कुणाकडे पाहिलं नाही. कंडक्टर घंटीनंतर मागे बघत नाही.

पलीकडे कँटीनच्या दारात पायलट चमचा आणि रिकामा ग्लास घेऊन बसलेला असणार होता. दोन्ही टोकांना माणसं होती. मधल्या दीडशे पावलांत मात्र पातेलं ऐकू येत नव्हतं आणि ग्लासही नाही. कागद तयार करताना हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. दोन हद्दींच्या मधला रस्ता कुणाचाच नसतो.

दोनशेव्या पावलाच्या आसपास दोन स्कूटर तोंडाला तोंड लावून उभ्या होत्या. मधे एका माणसापुरती फट. नेमकी दारासारखी. पाय चिकटले. मी काठी उचलणार, तेवढ्यात मागून एका सायकलवाल्यानं वाजवली. एकच. मी आणखी रुतलो.

"आजोबा, सरका की जरा," तो म्हणाला. "पुढे जागा आहे."

मला त्याला बरंच काही सांगायचं होतं. अडतीस वर्षांचं होतं, वेळ लागला असता. मानेवरून घाम उतरला. घरी परत फिरायचं तर वळावं लागणार, आणि वळायलासुद्धा पाऊल लागतं. खिडकीतून मी तिला दिसत होतो की नाही, माहीत नाही. दिसत असलो तर ती आता पातेलं टाकून चपला शोधत असणार, आणि ती आली की उद्यापासून निळी खुर्ची.

शेजारी विजेचा खांब होता, लोखंडी, पोकळ. मी काठी उचलली. हात थरथरत होता, त्यामुळे नीट दोन पडतील याची खात्री नव्हती. तीन पडल्या असत्या तर काय, याचा नियम आमच्याकडेही नव्हता.

टण. टण.

फटीतून निघालो. सायकलवाला मागून गेला, काही बोलला, ते ऐकू आलं नाही. पदपथाच्या त्या कडेला, जिथे पडलो होतो, तिथे पुन्हा थांबलो. समोरून ग्लासावर चमचा वाजायच्या आतच मी काठीनं कडेवर दोनदा ठोकलं आणि उतरलो.

पायलट चमचा हातात धरून बसला होता. "मी दिली नव्हती," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"अकरा मिनिटं लेट, मास्तर."

"वाटेत होतो."

मी लेकीला फोन केला. तिनं विचारलं, "सगळं ऐकू येत होतं ना?" मी म्हणालो, "दोन्ही टोकांना अगदी स्पष्ट." मधल्या भागाबद्दल तिनं विचारलं नाही. पुढच्या मंगळवारी बाईंसमोर स्वतः ठोकून चालून दाखवेन आणि मग मधलंही सांगेन, असं ठरवलं. तोवर खांबाला माहीत आहे.

पायलटनं पत्ते वाटले. थरथरीमुळे माझी पानं एकसारखी हलतात, पण तो प्रामाणिक आहे, दुसरीकडे बघतो. दोन डाव बरोबरीत गेले. तिसऱ्यात हातात राजा असताना मी गुलाम टाकला आणि डाव घालवला. पायांचा त्यात काही संबंध नव्हता, हाताचाही नव्हता, निरोप कुठे अडला नव्हता. निव्वळ माझी चूक होती.

"बघून टाकावं," पायलट म्हणाला.

मी म्हणालो, "वाट परत."